रानविद्येचा छंद : सुरुवात घराच्या गच्चीतून

ठाणे/ प्रतिनिधी

काडेपेटीविना विस्तव, हाताने वळलेला दोर आणि चाकाविना घडविलेले मडके! निसर्गात मिळेल त्या वस्तूंवर गरजा भागविण्याच्या या कलेला पाश्चात्त्य देशांत ‘बुशक्राफ्ट’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील जॉन प्लांट यांनी २०१५ मध्ये ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ ही यूट्यूब वाहिनी सुरू केली आणि हा छंद जगभर पोहोचला. कोपरीसारख्या दाट वस्तीतील तरुणांनाही त्याची ओढ वाटल्यास नवल नाही. मात्र सुरुवात कोठे करावी, हा खरा प्रश्न आहे.

विद्या इथलीच

ठाणे परिसराला ही विद्या नवी नाही. खैराच्या लाकडातून कात काढणारे कातकरी, कुडाच्या भिंती शेणमातीने लिंपणारे वारली आणि जाळी विणणारे चेंदणीचे कोळी यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. गारगोटीवर पोलादाचा तुकडा घासून ठिणगी पाडणारी चकमक खेडोपाडी वापरात होती. यज्ञातील अरणीमंथन हेही घर्षणाने अग्नी निर्माण करण्याचेच तंत्र होय.

जंगल जवळ, पण बंधने कडक

कोपरीच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आणि पूर्वेला ठाण्याची खाडी. या दोन्ही ठिकाणी हा छंद करता येत नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना प्रवेश करणे, झाडे तोडणे वा जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटविणे हा गुन्हा आहे. शिवाय तेथे बिबट्यांचा वावर आहे. खाडीकाठच्या कांदळवनाच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पूर्ण बंदी घातली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर दिलेला हक्क वनांवर उपजीविका असलेल्या आदिवासींचा आणि अन्य पारंपरिक वननिवासींचा आहे, हौशी शहरवासीयांचा नव्हे.

पहिला धडा दोराचा

म्हणूनच पहिले धडे घरीच गिरवावेत. सर्वांत सोपा आणि निर्धोक धडा दोर वळण्याचा. नारळाचा काथ्या किंवा केळीच्या सोपाचे वाळलेले धागे घ्यावेत. दोन पदर एकाच दिशेने पिळावेत आणि मग ते एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळावेत. सुटू पाहणारे दोन्ही पीळ परस्परांना अडवून धरतात आणि गाठ न मारताही दोर टिकतो. त्यानंतर गाठी शिकाव्यात. त्यांचे उत्तम शिक्षक कोळीवाड्यातच भेटतील.

दुसरा धडा मातीचा. निव्वळ चिकणमातीचे भांडे भाजताना तडकते, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते. म्हणून कुंभार मातीत राख व लीद मिसळतात. त्यामुळे वाफेला वाट मिळते. भांडे सावलीत पूर्ण वाळवूनच आगीत ठेवावे.

विस्तवाचा धडा शेवटी. पांगारा किंवा सावरीसारख्या हलक्या, कोरड्या लाकडाच्या फळीवर काठी घुसळली की काळी भुकटी जमते. फळीच्या कडेला पाडलेल्या खाचेत ती साठली तरच निखारा धरतो. पावसाळ्यातील दमट हवेत हा प्रयोग बहुधा फसतो. त्यामुळे नवख्यांनी दिवाळीनंतरचे दिवस निवडावेत.

परवानगी आणि कृतज्ञता

विस्तवासाठी शहापूर वा मुरबाडकडील एखाद्या शेतकऱ्याची रीतसर संमती घेऊन मोकळी जागा निवडावी. पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि राख थंड झाल्याखेरीज जागा सोडू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यातील वणव्यांचा हंगाम मानला जातो. त्या काळात आग टाळलेलीच बरी. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत वेळोवेळी शस्त्रबंदीचे मनाई आदेश लागू असतात, त्यामुळे कोयता घेऊन लोकलने निघण्यापेक्षा तो शेतावरच मागून घ्यावा.

अनोळखी कंद वा पाला चित्रफीत पाहून तोंडात घालणे जिवावर बेतू शकते. ती ओळख जाणकारासोबत हिंडूनच होते. असे जाणकार बहुधा आदिवासी पाड्यांवरच भेटतात. त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला देणे हाही या छंदाचाच भाग होय. शहरी माणसाला जी गंमत वाटते, ती पाड्यावर अनेकांची रोजची गरज आहे, याचे भान सुटता कामा नये.