लोणारचे सरोवर आणि आदिमानव

बुलढाणा जिल्ह्यात लोणार गावालगत एक विशाल, वर्तुळाकार विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर पसरलेले आहे. विष्णूने लवणासुराचा वध केला, तेव्हा ही जागा निर्माण झाली, अशी कथा त्या परिसरात सांगतात. शास्त्रज्ञांनी येथील खडकांची परीक्षा करून निराळा निष्कर्ष काढला आहे. अवकाशातून प्रचंड वेगाने आलेली एक उल्का येथील काळ्या बसाल्ट खडकावर आदळली. त्या आघाताने खडकांचा चुरा झाला. काही खडक वितळून त्यांची काच बनली.

ही घटना केव्हा घडली, हेही त्या वितळलेल्या खडकांनीच सांगितले. खडक वितळला म्हणजे त्यात साठलेला आर्गॉन वायू निघून जातो. खडक थिजल्यावर त्यातील पोटॅशियमपासून तो वायू पुन्हा अतिशय मंद गतीने साचू लागतो. साचलेल्या वायूचे मोजमाप केल्यावर विवराचे वय सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे ठरले.

एवढ्या दूरच्या काळी पृथ्वीवर माणूस होता काय? होता, परंतु तो आजचा माणूस नव्हे. दोन पायांवर चालणारे मानवसदृश प्राणी त्याच्याही फार पूर्वी आफ्रिकेत वावरत होते. १९७४ साली इथिओपियात अशा एका मादीच्या सांगाड्याचे अवशेष सापडले. शास्त्रज्ञांनी तिला ‘लूसी’ हे नाव दिले. ती सुमारे ३२ लक्ष वर्षांपूर्वीची होय. पुढे ताठ चालणारा, मोठ्या मेंदूचा मानव उदयास आला आणि आफ्रिकेबाहेर दूरवर पसरला. त्याचे अवशेष जावा बेटावर १८९१ साली मिळाले.

भारतातही आदिमानवाचा संचार होता. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी हातकुऱ्हाडी सुमारे १५ लक्ष वर्षांपूर्वीच्या आहेत. महाराष्ट्रात प्रवरा नदीच्या काठी नेवासे येथे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना पुरातन दगडी हत्यारे मिळाली. १९८२ साली नर्मदेच्या काठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा एक भाग गवसला. ती कवटी नेमक्या कोणत्या मानवजातीची, याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत.

आजच्या मानवाचे सर्वांत जुने ज्ञात अवशेष मोरोक्कोतील असून ते सुमारे ३ लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे आजचा मानव जन्मास आला, तेव्हा लोणारचे विवर अडीच लक्ष वर्षांहून अधिक जुने झालेले होते!

मानवाची वाटचाल शिडीच्या पायऱ्यांसारखी एकामागून एक अशी झालेली नाही. एखाद्या वृक्षाला अनेक फांद्या फुटाव्यात, तशा मानवाच्या अनेक जाती झाल्या व त्यांपैकी कित्येक एकाच काळी नांदत होत्या. युरोपातील निअँडरथल मानव सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी नष्ट झाला. तथापि त्याच्या रक्ताचा अल्प अंश आजच्या बहुसंख्य माणसांत उतरला आहे.

बुलढाण्याशेजारच्या जळगाव जिल्ह्यात पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याचे एक कवच सापडले आहे. त्यावर सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी कोणी तरी तीक्ष्ण हत्याराने नक्षी कोरली. त्या नक्षीने भूक भागत नव्हती, की थंडीचे निवारण होत नव्हते. तरीही ती कोरणाऱ्या हातांना सौंदर्याची ओढ होती.

मानववृक्षाच्या इतर सर्व फांद्या आज वठून गेल्या आहेत. एकच फांदी उरली आहे. वर्ण, वेष व भाषा यांत कितीही भेद असोत, जगातील यच्चयावत माणसे त्या एकाच फांदीची पाने होत.