मोह : दारूच्या आधी अन्न

मार्च-एप्रिलमध्ये ताडोबाजवळच्या मोहर्लीच्या परिसरात उजाडण्याआधीच मोहाच्या झाडाखाली माणसं जमतात. रात्रभर गळालेली फिकट पिवळी, मांसल, रसाने टच्च भरलेली फुलं वेचून टोपल्या भरायच्या आणि अंगणात वाळत घालायची. दोन-चार दिवसांत ती मनुकांसारखी तपकिरी होतात. ताडोबा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मात्र मोह म्हटलं की फक्त दारू आठवते. मोहाबद्दलचे बरेच गैरसमज तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : मोह फक्त दारूसाठीच वेचतात.
वस्तुस्थिती : मोह आधी अन्न आहे. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. ती भाजून, उकडून खातात, तीळ घालून त्यांचे लाडू करतात, पीठ मिसळून भाकरी-पुऱ्या करतात. बियांचं तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला चालतं. धान्य संपत आलेल्या उन्हाळ्यात या झाडाने कित्येक घरं जगवली आहेत.

गैरसमज : मोहाची दारू म्हणजे रानातली वाइन.
वस्तुस्थिती : इटलीत व्हेरोनाजवळ अमारोने ही भारदस्त लाल वाइन करताना द्राक्षं तीन-चार महिने सुकवतात. पाणी उडतं, साखर दाटते आणि वाइनमध्ये किमान १४ टक्के मद्यार्क उतरतो. मोहफूलही सुकवूनच आंबवतात. इथवर दोन्हींची वाट एकच. पण अमारोने आंबवण्यावरच थांबते आणि मोहाचा सडवा पुढे भट्टीवर चढतो. त्याची वाफ थंड करून जी उतरते ती दारू वाइनहून बरीच कडक असू शकते. वाइनच्या मापाने ती पिणं धोक्याचं आहे.

गैरसमज : झणझणीत रश्श्याबरोबर कडक दारूच शोभते.
वस्तुस्थिती : मद्यार्काने मिरचीची आग आणखी भडकते. अमारोनेबरोबर मंद आचेवर शिजवलेलं मांस किंवा मुरलेलं चीज वाढतात, त्यात तिखट नसतं. आपला वऱ्हाडी रस्सा भाकरी आणि कांद्याबरोबरच खुलतो.

गैरसमज : गावठी दारू विषारीच असते.
वस्तुस्थिती : साखर आंबली की मुख्यतः इथेनॉल तयार होतं. सामूहिक मृत्यूंमागे बहुतेक वेळा बाहेरून मिसळलेलं मिथेनॉल असतं. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली, ती अशाच दारूने. मात्र बाटलीत काय मिसळलंय हे वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही. व्यसनाने घरं उद्ध्वस्त होतात, हेही तितकंच खरं.

गैरसमज : चंद्रपुरातली दारूबंदी उठली, आता घरी मोहाची दारू गाळायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासूनची बंदी कायम आहे. चंद्रपुरातही परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हाच आहे. फुलं वेचण्याची गोष्ट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासीयांचा हक्क मान्य केला आहे.

गैरसमज : अस्वलं नशेसाठी मोहाखाली येतात.
वस्तुस्थिती : ताज्या फुलात साखर असते, दारू नव्हे. अस्वल, चितळ, वानर गोडीसाठी येतात आणि मोहाचं परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात. धोका वेगळाच आहे. पहाटेच्या अंधारात खाली वाकून फुलं वेचणाऱ्या माणसाला वाघ किंवा अस्वल दिसत नाही. या हंगामात चंद्रपूर जिल्ह्यात असे जीव गेले आहेत.

गैरसमज : पाला जाळल्याशिवाय फुलं वेचता येत नाहीत.
वस्तुस्थिती : झाडाखाली जाळी बांधली की फुलं वरच्यावर गोळा होतात, मातीही लागत नाही. पाला पेटवला की वणवा लागतो आणि मोहाची कोवळी रोपंही जळतात. मग पुढच्या पिढीसाठी मोह उरणार कसा?

मोहर्लीला आलात तर बचत गटाकडून मोहाचे लाडू विकत घ्या आणि फुलं वेचणाऱ्यांना योग्य भाव द्या. हे झाड टिकायचं असेल, तर अन्न म्हणून त्याची किंमत आधी आपल्याला कळायला हवी.