चिमटा लांब करण्यापूर्वी ओळंबा सोडा

जुनी बुलेट आणि हातात एक फोटो घेऊन येणारे गिऱ्हाईक गॅरेजवाल्या बंधूंना नवे नाही. फोटोत पुढचे चाक लांब गेलेले, हँडल उंच, चिमटा आडवा पडलेला. "उस्ताद, अशी करून द्या!" या गाड्यांना चॉपर म्हणतात. १९६९ च्या 'ईझी रायडर' या अमेरिकन चित्रपटाने त्या जगभर गाजल्या. त्यातील गाड्या बांधणाऱ्यांत बेन हार्डी हे कृष्णवर्णीय कारागीर होते; चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांचे नाव नाही. कारागिराचे नशीब सगळीकडे सारखेच.

काम घेण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण ती फोटोत दिसत नाही. सामान वाहायच्या ट्रॉलीचे फिरते चाक पाहा. ते आपल्या खुंटीच्या मागे राहते, म्हणून ट्रॉली ढकलली की आपोआप सरळ होते. मोटरसायकलचेही तसेच. हँडल ज्या रेषेभोवती फिरते ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे लागते. या दोन ठिकाणांमधील अंतर म्हणजे ट्रेल. गाडीला सरळ ठेवतो तो हा ट्रेल. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो साधारण ९० ते १५० मिलिमीटर असतो.

आता हिशेब पाहू. चाकाची त्रिज्या ३३० मिमी, चासीचा नेक उभ्या रेषेपासून २७ अंश कललेला आणि एक्सल हँडलच्या रेषेपुढे ६० मिमी धरा. ट्रेल येतो सुमारे १०० मिमी. नेक कापून ४० अंशांवर जोडला आणि टी तीच ठेवली, तर ट्रेल जवळजवळ २०० होतो. अशी गाडी हायवेवर सरळ जाते, पण गल्लीत वळवताना हँडल एका बाजूला पडते आणि हात भरून येतात.

दुसरा मार्ग स्वस्त. चासीला हात न लावता अशी टी बसवायची की जिच्यात चिमट्याचे पाय ५ अंश जास्त पुढे कललेले असतात. बाहेरून गाडी तशीच ऐटदार दिसते. पण इथे हँडलची रेषा जागच्या जागी राहिली आणि चाक तेवढे पुढे गेले. ७०० मिमी लांबीच्या चिमट्यात चाक सुमारे ६० मिमी पुढे जाते आणि ट्रेल १०० वरून ३० वर येतो! हँडल हलके होते, आणि वेग वाढला की थरथरू लागते. पहिल्या चुकीचे गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येते. दुसऱ्या चुकीचे परत येईलच असे नाही. ही टी मुळात आधीच कललेल्या नेकसाठी आहे. ४० अंशांच्या नेकवर ती बसवली तर ट्रेल पुन्हा १०० ते १२० च्या घरात येतो.

मोजणी सोपी आहे. गाडी सरळ उभी करून वर माणूस बसवा. एक्सलवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. नेकच्या मध्यरेषेत सरळ पट्टी धरून ती जमिनीला लागेल तिथे दुसरी खूण करा. पट्टी नेकला धरायची, चिमट्याच्या पायाला नाही. कललेल्या टीमध्ये फसगत इथेच होते.

फक्त लांब नळ्या टाकल्या तरी कोन बदलतो. चिमटा ५० मिमी वाढला तर गाडीचे तोंड उचलून सुमारे २ अंशांची भर पडते. मात्र जुन्या नळीवर आट्याचा तुकडा चढवणे किंवा क्रोमची नळी वेल्ड करणे, हे काम कुणी दुप्पट मजुरी दिली तरी करू नये. नेकची जोडणी जिगवरच, आत नळीचा तुकडा आणि बाहेर आधारपट्टी देऊन करावी. केबल आणि ब्रेकची नळी हँडल दोन्ही टोकांना फिरवून तपासावी.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हेच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय चासी नंबर बहुधा नेकवरच ठोकलेला असतो. तिथे ग्राइंडर लागला की चोरीच्या गाडीचा संशय उस्तादावरच. तेव्हा हे काम प्रदर्शनात ठेवायच्या गाडीपुरते घ्यावे, आणि तेही लेखी.

ओळंबा मात्र रोज उपयोगी पडेल. अपघाताची गाडी आली की त्याच मॉडेलच्या धड गाडीशी ट्रेल ताडून पाहा. आकडा जुळला नाही तर चिमटा किंवा चासी वाकली आहे, हे गिऱ्हाइकाला पट्टीवर दाखवता येते आणि मजुरीवरून वादही होत नाही.