एका उपसागरात दोन विमानवाहू नौका

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे गाव समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. मात्र मुंबई-नागपूर लोहमार्ग गावातूनच जातो. घरातील आजोबांना या मार्गावरच्या जुन्या वाफेच्या इंजिनांविषयी विचारा. इंजिनात कोळसा जळे, पाणी उकळे आणि वाफेच्या दाबाने चाके फिरत. कोळसा नि पाणी संपत आले, की कितीही घाई असली तरी थांबावेच लागे. समुद्रावर तर वाटेत स्टेशनही नसते! मग शेकडो माणसे आणि विमाने घेऊन फिरणाऱ्या जहाजाने काय करावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे 1961 या एकाच वर्षी समुद्रावर आली. 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या बांधणीची सुरुवात ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये केली होती. युद्ध संपल्यावर ती अर्धवटच राहिली. भारताने 1957 मध्ये ती विकत घेऊन पूर्ण करून घेतली आणि 3 नोव्हेंबर 1961 रोजी ती मुंबईला आली. त्याच महिन्यात, 25 तारखेला, अमेरिकेची ‘एंटरप्राइझ’ सेवेत रुजू झाली. अणुशक्तीवर चालणारी ही जगातील पहिली विमानवाहू नौका.

दोघींच्या आकारात मोठा फरक. विक्रांतची लांबी 213 मीटर, एंटरप्राइझची 342 मीटर. विक्रांतवर तेल जाळणारे चार बॉयलर होते, एंटरप्राइझवर आठ अणुभट्ट्या.

चूल बदलली, वाफ तीच

अणुशक्तीवरचे जहाज म्हटले, की अणूंच्या स्फोटाने पंखा फिरत असेल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तेही वाफेचेच जहाज! अणुभट्टीत युरेनियमच्या अणुकेंद्राचे विभाजन होऊन उष्णता निर्माण होते. भट्टीतून फिरणारे पाणी फार मोठ्या दाबाखाली ठेवलेले असते, त्यामुळे ते अतिशय तापूनही उकळत नाही. हे पाणी नळ्यांतून जाताना आपली उष्णता बाहेरच्या, वेगळ्या पाण्याला देते. त्या पाण्याची वाफ होते आणि तीच टरबाइन फिरवते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, म्हणून किरणोत्सर्गी द्रव्ये टरबाइनपर्यंत पोहोचत नाहीत.

मग फायदा कशाचा? एक किलोग्रॅम युरेनियम-235 चे पूर्ण विभाजन झाले, तर सुमारे दोन हजार टन तेलाइतकी उष्णता मिळते. 1964 मध्ये एंटरप्राइझ आणि तिच्या सोबतच्या दोन अणुशक्तीच्या युद्धनौकांनी वाटेत इंधन न घेता 65 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. अर्थात विमानांना लागणारे इंधन, दारूगोळा आणि खलाशांचे अन्न अणुभट्टीतून मिळत नाही. त्यासाठी इतर जहाजांची वाट पाहावीच लागते.

वाफ, वारा आणि विमान

विमानवाहू नौकेला वेग केवळ प्रवासासाठी लागत नाही. विमान उचलले जाण्यासाठी त्याच्या पंखांवरून वेगाने हवा वाहावी लागते. नौका 20 नॉट वेगाने, समोरून येणाऱ्या 10 नॉट वाऱ्याकडे तोंड करून निघाली, तर डेकवर स्थिर उभ्या असलेल्या विमानालाही 30 नॉटचा वारा मिळतो. (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.) उरलेला वेग वाफेचा कॅटापुल्ट देतो. शेतकरी गोफणीतून दगड भिरकावतो, तसा तो विमानाला क्षणार्धात पुढे फेकतो. म्हणजे वाफ कमी पडली, की नौकेचा वेग आणि विमानाचे उड्डाण दोन्ही अडचणीत येतात.

1971 ची कसोटी

नेमके हेच संकट विक्रांतवर आले. तिच्या बॉयलरच्या ड्रमला तडा गेला होता. कापडाला कात्रीने लहानसा छेद दिला, की ते तेथून सहज फाटत जाते. ताण छेदाच्या टोकाशी एकवटतो, हे त्याचे कारण. आतून वाफेचा प्रचंड दाब सोसणाऱ्या धातूचेही तसेच होते. दाब कमी ठेवावा, तर वेग घटतो. वाढवावा, तर ड्रम फुटून माणसे दगावण्याची भीती. अशी नौका युद्धात न्यावी की नाही, हा साधा प्रश्न नव्हता. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, तसे पोलादी पट्टे आवळून अभियंत्यांनी बॉयलरला आधार दिला. वेगाची मर्यादा मान्य करून कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या अधिपत्याखाली विक्रांत बंगालच्या उपसागरात उतरली.

तिच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ 3 आणि 4 डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. 4 डिसेंबरला विक्रांतवरील सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव येथे हल्ले केले. पूर्व पाकिस्तानचा सागरी मार्ग बंद करण्यात तिचा मोठा वाटा होता.

तेवढ्यात दुसरी नौका निघाली. अमेरिकेने एंटरप्राइझच्या नेतृत्वाखाली एक आरमारी दल पाठवले आणि ते 15 डिसेंबरला बंगालच्या उपसागरात शिरले. दुसऱ्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. दोन नौकांची गाठ पडली नाही. आठ अणुभट्ट्यांची नौका आली, तोवर तडा गेलेल्या बॉयलरच्या नौकेने आपले काम केलेले होते.

निवृत्ती

विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. 2001 ते 2012 या काळात मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी होती, आणि 2014 मध्ये दारूखाना येथे ती मोडण्यास सुरुवात झाली. एंटरप्राइझचे काम 2012 मध्ये थांबले. मात्र अणुभट्ट्यांतील किरणोत्सर्गी इंधन काळजीपूर्वक काढावे लागत असल्याने तिची अधिकृत निवृत्ती 2017 मध्ये झाली. अणुशक्तीची ही किंमत हिशेबात धरायलाच हवी.

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ नौदलात आली. ती 262 मीटर लांब आहे. तिच्यावर अणुभट्टी नाही आणि बॉयलरच्या वाफेवरही ती धावत नाही. चार गॅस टरबाइन तिला चालवतात. जळत्या इंधनाचे तप्त वायूच पाती फिरवतात, मधल्या पाण्याचे कामच उरलेले नाही. कॅटापुल्टऐवजी डेकचे पुढचे टोक वर उचललेले असून त्या चढावरून विमाने झेपावतात. तरीही तिला तेल भरावेच लागते. अणुभट्टी घ्यावी तर खर्च, किरणोत्सर्ग आणि निवृत्तीनंतरची दगदग. तेल घ्यावे तर वारंवार थांबणे. पुढच्या नौकेसाठी यांतले काय निवडावे, याचा वाद वर्गात जरूर घालून पाहा.