शॉकअपचा फोर्क: आधी दाबून पाहा, मग दर सांगा

सोलापुरात सायकलवर चादरींचे गठ्ठे वाहणाऱ्याला साधा फोर्कच द्यावा. शॉकअप त्याच्या कामाचा नाही. गिअरच्या सायकलीवर खडकाळ वाटेने फिरणाऱ्या पोरांची गोष्ट निराळी. स्वस्त फोर्कात बहुधा नुसती स्प्रिंग असते. दाबून सोडला की तडक उसळतो. आत तेलाची योजना असेल तर सावकाश परततो. जादा पैसे याचेच, रंगाचे नव्हेत. चाकाचे माप आणि हँडलकडच्या दांड्याची लांबी जुन्या फोर्कवरून घ्यावी. दांडा आखूड निघाला तर माल पडून राहतो.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीच्या सुट्या भागांवर जीएसटी 12 ऐवजी 5 टक्के आहे, तेव्हा जुना दर सांगू नये. समजा, फोर्क 1600 ला पडला, 2000 ला विकला. 400 सुटले खरे. पण बसवण्यात तास गेला, त्याची मजुरी बिलात वेगळी लिहावी.