पहाटे तीनची गाडी आणि भाड्याचं घर: मुंबईत नव्या पायलटने राहायचं कुठे?

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले अडखळे तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका श्रोतीच्या मेसेजमुळे करतोय. ती सातारची. पायलटचं लायसन्स झालंय, टाइप रेटिंग संपत आलंय, बेस मुंबई मिळालाय आणि महिन्याभरात रुजू व्हायचंय. तिचा प्रश्न साधा आहे: "दादा, घर विमानतळाजवळ महागात घेऊ, की लांब स्वस्तात? बाबांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलंय, त्यामुळे चुकीच्या ठिकाणी पैसे घालवायचे नाहीत."

मी स्वतः पायलट नाही, कोड लिहितो. पण मरोळला ज्या फ्लॅटमध्ये राहतो तिथला माझा रूममेट फर्स्ट ऑफिसर आहे. त्याचा रोस्टर फ्रिजवर चिकटवलेला असतो आणि माझ्या ऑन-कॉल रात्री त्याच्या शेजारी. त्यामुळे या विषयावर आमच्याकडे भांडून भांडून बरीच माहिती जमलीये.

"पायलट म्हणजे लाखांत पगार" हा गैरसमज

पहिली अडचण घर बघायला जाता तिथेच सुरू होते. ब्रोकरला "पायलट" म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर कॅप्टनचा पगार येतो आणि भाडं पाच हजारांनी वर जातं. प्रत्यक्षात काय असतं? भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी किमान २०० तास उड्डाण लागतं. ते आणि नंतरचं टाइप रेटिंग, म्हणजे एअरबस ए३२० किंवा एटीआरसारखं एक ठरावीक विमान चालवायचं प्रशिक्षण, यांचा एकूण खर्च बहुतेकांचा अर्ध्या कोटीच्या पुढे जातो. नोकरी लागल्यावरही सुरुवातीचे काही महिने ट्रेनिंगचे असतात. तेव्हा हातात येणारे पैसे नंतरच्या पगारापेक्षा बरेच कमी असतात, आणि ईएमआय मात्र कधीच सुरू झालेला असतो.

म्हणून पहिला नियम: भाड्याचं बजेट ट्रेनिंगच्या काळातल्या पैशांवर बसवा. ऑफर लेटरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा अजून तुमच्या खात्यात आलेला नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टिम तपासतो तेव्हा सरासरी वेळ बघून खूश होत नाही. सगळ्यात वाईट वेळी काय होतं ते बघतो. घराचंही तसंच करा. पायलटसाठी वाईट वेळा दोन आहेत.

एक, पहाट. समजा सकाळी ६ची फ्लाइट आहे. रिपोर्टिंग साधारण तासभर आधी, म्हणजे ५ वाजता. त्या वेळेला मेट्रोचा काही उपयोग नाही. मेट्रो ३ आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना तिची स्टेशनं आहेत, पण तिची पहिली गाडी तुमच्या रिपोर्टिंगनंतरची. लोकलही मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते. म्हणजे रस्ता हाच पर्याय. पहाटे रस्ते मोकळे असतात, ठाण्याहून सहारला अर्ध्या-पाऊण तासात पोचता. मग लांब राहिलं तर बिघडलं कुठे, असं वाटतं.

आता दुसरी वाईट वेळ: स्टँडबाय. स्टँडबाय म्हणजे घरीच थांबायचं, पण फोन आला की कंपनीने ठरवलेल्या वेळेत हजर व्हायचं. जुलै महिना, संध्याकाळचे सहा, धो धो पाऊस, आणि तुम्ही घोडबंदर रोडवर. अर्ध्या तासाचा रस्ता दोन तासांचा झाला तर कोणाला सांगणार?

म्हणून घर ठरवायच्या आधी मॅपवर तीन वेळा अंतर बघा: पहाटे साडेतीन, सकाळी दहा आणि संध्याकाळी साडेसहा. निघायची वेळ बदलून अंदाज बघायची सोय मॅपमध्ये असते. तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमचं खरं अंतर.

पिकअपची हद्द: भाड्याआधी हा प्रश्न

आपल्याकडे बऱ्याच विमान कंपन्या क्रूला घरून न्यायला आणि सोडायला गाडी देतात. पण त्या गाडीला हद्द असते. हद्दीबाहेर राहिलात तर काही ठिकाणी ठरलेल्या नाक्यावर येऊन उभं राहावं लागतं, काही ठिकाणी स्वतःच्या खर्चाने यावं लागतं. पहाटे तीनला महिन्यातून दहा-बारा वेळा स्वतःची कॅब केलीत, तर स्वस्त घराचा फायदा तिथेच संपतो.

म्हणून एचआरला किंवा क्रू ट्रान्सपोर्टला लेखी विचारा: पिकअप कुठपर्यंत आहे? गाडीत आणखी किती जण असतात? हा दुसरा प्रश्न विसरू नका. गाडी वाटेत आणखी दोघांना घेणार असेल, तर सगळ्यात लांब राहणाऱ्याला सगळ्यात आधी उठावं लागतं.

आणि तिसरा प्रश्न हल्लीचा: रिपोर्टिंग कुठल्या विमानतळावर? नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. "बेस मुंबई" म्हटलं की पूर्वी सहार-सांताक्रूझ एवढाच अर्थ होता. आता उलवे-पनवेलही आलं. दोन विमानतळांमध्ये अख्खं शहर आणि खाडी आहे. अटल सेतूने रस्ता सोपा झाला, पण तो शिवडीला उतरतो आणि तिथून सहारपर्यंतचं ट्रॅफिक तुमचंच. कंपनी दोन्हीकडून उडत असेल तर तुमच्या विमानाच्या फ्लाइट्स कुठून जास्त आहेत ते विचारल्याशिवाय खारघरला टोकन देऊ नका. आणि मरोळलाही नको.

झोपेचा हिशोब

हा मुद्दा भाड्याच्या चर्चेत कोणी काढत नाही, आणि खरं तर सगळ्यात मोठा हाच आहे.

पायलटच्या ड्युटीचे तास डीजीसीएच्या नियमांनी बांधलेले असतात. २०२४ मध्ये हे नियम बदलले आणि २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर जास्त कडक मर्यादा आल्या. हे सगळं थकव्यासाठी. थकलेला माणूस स्वतःला ठीकच समजतो, धोका तिथेच असतो. पण ड्युटीचं घड्याळ रिपोर्टिंगला सुरू होतं. घर ते विमानतळ हा प्रवास त्यात धरत नाहीत. म्हणजे तो वेळ तुमच्या झोपेतून जातो.

आता साधं गणित करू. आकडे समजण्यापुरते आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका. समजा मरोळला दोघांत टू बीएचके घेतला आणि तुमच्या वाट्याला ३०,००० आले. खारघरला एकट्याला वन बीएचके २०,०००त मिळतोय. फरक १०,०००. रिपोर्टिंग सहारला आहे आणि खारघरहून जाता-येता मिळून दीड तास जास्त लागतो. महिन्याला १६ ड्युटी धरल्या तर २४ तास झाले. म्हणजे त्या १०,००० रुपयांत तुम्ही महिन्याचे २४ तास विकत घेताय, तासाला साधारण ४१७ रुपयांनी. हे महाग की स्वस्त, ते तुमचा ईएमआय ठरवेल. पण निदान काय विकत घेतोय ते कळलं पाहिजे.

आणि एक सांगतो. रात्रभर उडून आल्यावर स्वतः बाइक चालवत घरी जायचं नाही. कंपनीची गाडी असेल तर तीच, नसेल तर रिक्षा. यात काटकसर करू नका.

मग बघायचं कुठे?

सहारच्या रिपोर्टिंगसाठी पहिली गोल रिंग म्हणजे मरोळ, चकाला, जे. बी. नगर, सहार गाव, विलेपार्ले पूर्व. पार्ले महाग आहे. मरोळ आणि सहारच्या गावठाणांमध्ये जुन्या, लिफ्ट नसलेल्या छोट्या इमारती आहेत, तिथे कधीकधी भाडं ऐकून बरं वाटतं. दुसरी रिंग म्हणजे साकीनाका, कुर्ला पश्चिम, कलिना, वाकोला, जोगेश्वरी पूर्व, घाटकोपर. माझ्या मते नव्या फर्स्ट ऑफिसरला पैसे आणि झोप यांचा मेळ इथे बसतो. तिसरी रिंग ठाणे, मुलुंड, ऐरोली, मीरा रोड. ही फक्त पिकअपची हद्द तिथपर्यंत असेल तर.

एक गंमत लक्षात ठेवा. मुंबईची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. पूर्वेकडून उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून खाली येतात. दिवसभर विमान उडवून घरी यायचं आणि उशाशी पुन्हा विमानच! तुम्हाला दुपारी झोपावं लागणार आहे, त्यामुळे घर दोनदा बघा: एकदा सकाळी अकराला, एकदा रात्री अकराला. बेडरूमची खिडकी कुठे उघडते, शेजारी बांधकाम आहे का, खाली शाळा आहे का, हे बघा. जाड काळे पडदे भाड्यापेक्षा खूप स्वस्त पडतात.

रूममेट आणि सोसायटी

"बॅचलर चालणार नाही" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. मुलींना वर आणखी एक ऐकावं लागतं: "रात्री तीनला गाडी कुठली येते?" भारतात महिला पायलटांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे, तरी सोसायटीच्या कमिटीपर्यंत ही बातमी पोचलेली नसते. उपाय एकच, आधी सांगून टाका. राहायला जायच्या आधी सेक्रेटरीला भेटा, कंपनीचं पत्र दाखवा, वॉचमनला वेळा सांगून ठेवा.

रूममेट शक्यतो क्रूमधलाच बघा, निदान शिफ्टवाला. त्याला पहाटेचा अलार्म आणि दुपारची झोप समजावून सांगावी लागत नाही. मात्र बेडरूम वेगळी हवी. दोघांचे रोस्टर उलटसुलट असतील तर एका खोलीत कोणाचीच झोप होत नाही.

कागद आणि पहिल्या महिन्याचे पैसे

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. "नोटरी करून टाकू" म्हणाला तर नको म्हणा. नोंदणी ऑनलाइन होते, आणि खर्च ऐकवतात तेवढा नसतो. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. ६०,००० भाडं, ११ महिने आणि १,८०,००० परत मिळणारं डिपॉझिट धरलं तर ती १,७००च्या आसपास येते. शहरात नोंदणी फी १,०००. याच्या वर एजंट जे मागतो त्यात बरीचशी त्याची मजुरी असते, त्यावर घासाघीस करा.

आता रोख. याच घराला तीन महिन्यांचं डिपॉझिट १,८०,०००, ब्रोकरेज एक महिना ६०,०००, पहिलं भाडं ६०,०००. झाले तीन लाख. दोघांत दीड-दीड. गादी, पडदे, गॅस अजून आलेच नाहीत. हे पैसे पगाराआधी लागतात, म्हणून पहिला महिना ओळखीच्या सीनियरच्या घरात किंवा पीजीत काढणं शहाणपणाचं. तेवढ्यात रोस्टर कसा येतो तेही कळतं.

करारात एक ओळ भांडून घालून घ्या: बदली झाली तर लॉक-इन लागू नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल. नव्या पायलटचा बेस बदलू शकतो, आणि अशा वेळी डिपॉझिट अडकलं तर ईएमआय चुकतो. "हेवी डिपॉझिट द्या, भाडं नाममात्र" ही ऑफरही याच कारणासाठी टाळा. मोठी रक्कम परत मिळेपर्यंत तुम्ही मालकाच्या मर्जीवर.

शेवटचं, फोनवर घर शोधणाऱ्या सगळ्यांसाठी. विमानतळाजवळचा सुंदर फ्लॅट, भाडं अर्धं, मालक म्हणे फौजेत आणि बदली झालीये, घर दाखवू शकत नाही पण टोकन पाठवा. असा फोन आला की कट करा. "पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाला तर ती चोरीच आहे. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.

तर क्रम असा ठेवा: आधी विमानतळ आणि पिकअपची हद्द, मग तिन्ही वेळांचं अंतर, मग झोपेचा हिशोब, आणि भाड्याची बोलणी सगळ्यात शेवटी. केबिन क्रू, ग्राउंड स्टाफ, नाइट शिफ्टचे आयटीवाले, तुम्हालाही हेच गणित लागू होतं. तुमच्या भागात शिफ्टवाल्यांना घर देणाऱ्या चांगल्या सोसायट्या माहीत असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटू पुढच्या आठवड्यात!