पहिली ध्वनिमुद्रिका आणि नंतरचे मौन

१९६० च्या जुलै महिन्यात पश्चिम जर्मनीतील हानोव्हर शहरी १९ वर्षांच्या एका मुलीचे पियानोवादन ध्वनिमुद्रित झाले. मुलगी अर्जेंटिनाची, नाव मार्था आर्गेरिच. पुढच्या वर्षी डॉइचे ग्रामोफोन या मातब्बर कंपनीने ती तबकडी प्रसिद्ध केली आणि पाश्चात्य संगीताच्या जगात एका नव्या नावाची भर पडली. पदार्पणाच्या ध्वनिमुद्रिका पुष्कळ निघतात आणि पुष्कळ विसरल्या जातात. ही मात्र आजही आवडीने ऐकली जाते.

तिची निवडच धीट होती. एकीकडे शोपँचे स्केर्झो व बार्कारोल, ब्राम्सच्या दोन ऱ्हॅप्सडी आणि लिस्टची सहावी हंगेरियन ऱ्हॅप्सडी, अशा गतशतकातील मान्यताप्राप्त रचना. दुसरीकडे विसाव्या शतकातील राव्हेल आणि प्रोकोफिएव्ह. राव्हेलच्या १९०१ मधील रचनेत कारंज्याचे तुषार उडावेत तसे स्वर विखुरतात, तर प्रोकोफिएव्हच्या १९१२ मधील टोकाटात एकच स्वर घणाचे घाव पडावेत तसा पुनःपुन्हा आदळत राहतो. एकाच हाताने मार्दव आणि पोलाद दोन्ही पेलणे हे सामान्य काम नव्हे.

हे यश अकस्मात आलेले नव्हते. ब्वेनोस आयरिस येथे विन्सेन्झो स्कारामुझ्झा या कडक गुरूपाशी तिचे बालपण गेले. १९४९ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, तिने मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्या रचना वाद्यवृंदासह वाजविल्या. १९५५ मध्ये अध्यक्ष पेरॉन यांनी तिच्या आईवडिलांना व्हिएन्नाच्या वकिलातीत नेमले, म्हणून तिला फ्रीड्रिख गुल्डा यांच्याकडे शिकता आले. पेरॉन यांच्या राजवटीविषयी आम्हांस मुळीच ममत्व नाही. परंतु एका मुलीच्या विद्येसाठी राज्यसंस्थेने वाट मोकळी केली, हे नमूद केलेच पाहिजे. १९५७ मध्ये अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने बोल्झानो आणि जिनिव्हा येथील दोन्ही स्पर्धांत ती पहिली आली.

आमच्या मते खरी कहाणी येथून पुढे सुरू होते. तबकडी गाजली, तरी दुसरीची घाई तिने केली नाही. उलट ती पुन्हा विद्यार्थिनी झाली, आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली यांच्याकडे गेली आणि तेथे तिला मोजकेच धडे मिळाले. मन इतके खचले की पियानो कायमचा सोडून द्यावा, या विचारापर्यंत ती आली. स्टेफान आस्केनाझे आणि त्यांच्या पत्नी यांनी तिला धीर दिला. १९६५ मध्ये वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत तिने प्रथम पारितोषिक मिळविले आणि तेव्हापासून वयाची ८० वर्षे उलटल्यानंतरही आर्गेरिचबाई रंगमंचावर येत राहिल्या.

आमच्या पुष्कळ वाचकांना पियानो हे शेजाऱ्याच्या दिवाणखान्यातील वाद्य वाटेल. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकविली जाई. त्यामुळे ते संगीत त्यांचे आणि हे आपले, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकली. तपश्चर्येला ही वाटणी ठाऊक नाही. आपल्या केरी गावच्या केसरबाई केरकर अल्लादियाखाँसाहेबांपुढे वर्षानुवर्षे तालीम घेत राहिल्या. ध्वनिमुद्रणाच्या मोहात त्या फारशा पडल्या नाहीत. तरीही १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्या साडेतीन मिनिटांमागे, कोणीही न ऐकलेला, केवढा रियाज उभा आहे!

आज ध्वनिमुद्रण खिशातल्या यंत्रावर होते. दूरचित्रवाणीच्या स्पर्धेत दहा वर्षांचे मूल एका रात्रीत प्रसिद्ध होते आणि दुसऱ्या दिवसापासून आईबाप कार्यक्रमांच्या तारखा लिहू लागतात. मुलांच्या गुणांचे कौतुक होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. पण टाळ्यांच्या कडकडाटात, आपल्याला अजून काय येत नाही, हे ऐकण्याची सवडच त्या मुलाला उरत नसेल, तर ते कौतुक नव्हे. तो विद्येचा घात आहे.

शासनाने आणि सांस्कृतिक संस्थांनी पारितोषिक समारंभांवर होणाऱ्या खर्चाचा काही भाग दीर्घ मुदतीच्या शिष्यवृत्त्यांकडे वळवावा, अशी आमची सूचना आहे. शिष्यवृत्ती दिल्यावर दरवर्षी कार्यक्रमाची वसुली मात्र करू नये. पालकांनाही आमचे सांगणे एवढेच, की मूल काही काळ गप्प राहू इच्छीत असेल, तर त्याला गप्प राहू द्यावे. पेरलेले बी रुजले की नाही, हे पाहण्यासाठी कोणताही शहाणा शेतकरी रोज माती उकरीत नाही.